३६चं लक्ष्य, सप्टेंबरात १७ : मागे पडलेल्या वाचनाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती काल गेले. आज वर्षाचा २५०वा दिवस. जानेवारीत ठरवलेली पुस्तकं ३६, पूर्ण झालेली १७. वेळापत्रकाप्रमाणे २४ संपून पंचविसावं निम्म्याच्या पुढे असायला हवं होतं. उरले ११५ दिवस आणि १९ पुस्तकं, म्हणजे सहा दिवसांना एक. आतापर्यंतचा वेग जवळपास पंधरा दिवसांना एक असा आहे.

इथवरचा हिशेब सगळेच करतात आणि घाबरून ऐंशी पानी पुस्तकांचा ढीग घरी आणतात. त्याआधी पानं मोजावीत. संपलेल्या १७ पुस्तकांची पानं ४,२१६, सरासरी २४८. त्याच जाडीची १९ पुस्तकं धरली तर ४,७१२ पानं, रोजची ४१. आजवर रोजची १७ होत होती.

वही नवीन केली. रकाने सहा: तारीख, पुस्तक, कोणत्या पानापासून, कोणत्या पानापर्यंत, मिनिटं, जागा. पानांची संख्या मुखपृष्ठाच्या आतल्या मुद्रणपानावर किंवा प्रत्यक्ष शेवटच्या पानावर बघून भरायची. वाचननोंदीच्या ॲपवर मराठी पुस्तकांच्या आवृत्त्यांची सरमिसळ असते. तिथला आकडा हातातल्या प्रतीशी जुळेलच असं नाही.

९ सप्टेंबर

वेग मोजला. संवाद नसलेलं, प्रकरणाची सुरुवात नसलेलं भरगच्च पान घ्यायचं. डेमी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या कादंबरीत अशा पानावर ३१ ओळी, दहा ओळींत ९० शब्द, म्हणजे पानाला २७९. घड्याळ वीस मिनिटांचं लावायचं, पाच मिनिटांचं नाही. पहिली तीन-चार मिनिटं मन मजकुरात शिरण्यातच जातात आणि छोट्या मोजणीत तीच जास्त भरतात. वीस मिनिटांत साडेअकरा पानं झाली: मिनिटाला १६० शब्द, पानाला पावणेदोन मिनिटं.

इंग्रजीसाठी सांगितला जाणारा मिनिटाला अडीचशे शब्दांचा आकडा बघून इथे कुणी हळहळू नये. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘टेबलाखालून’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याला चार लागतात. मराठीसाठी पानामागे मिनिटं हेच माप बरं.

आता खरा आकडा निघाला: ४१ पानं म्हणजे रोज ७१ मिनिटं. सध्या होतात साधारण २९. कमी पडतात ती ४२ मिनिटं. यापुढे शोधायची आहेत ती पुस्तकं नव्हेत, ही बेचाळीस मिनिटं.

१४ सप्टेंबर

पहिला आठवडा नवीन काहीही उघडलं नाही. घरातली अर्धवट पुस्तकं गोळा केली. उशाखाली, ऑफिसच्या पिशवीत, फ्रिजवर, अशी पाच निघाली:

कादंबरी २८८ पानं, उरलेली ८७.
प्रवासवर्णन १७६, उरलेली ८०.
ललित लेख १६०, उरलेली ४८.
चरित्र ५१२, उरलेली ३८२.
अर्थशास्त्रावरचं भाषांतर ३३६, उरलेली २७८.

पहिली तीन संपवायला लागली २१५ पानं. सात दिवसांत तीन पुस्तकं, रोज ३१ पानांवर. लक्ष्य गाठण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही, कारण या पुस्तकांची मेहनत आधीच देऊन झालेली असते. मात्र दोन महिन्यांपूर्वी सोडलेल्या कादंबरीत बुकमार्कपासून थेट सुरू करू नये. पात्रं विसरलेली असतात, मग प्रत्येक नावाशी अडखळत पानाला तीन मिनिटं जातात. मागचं एक प्रकरण नुसतं चाळायचं आणि पात्रांची नावं एका चिठ्ठीवर लिहून ती बुकमार्क म्हणून वापरायची.

भाषांतर सोडून दिलं. ५८ पानांत तीनदा थांबलेलं पुस्तक वर्षअखेरीच्या घाईत सुटत नाही. चरित्र ठेवलं, पण वेगळ्या पद्धतीने. त्याची नोंद पुढे.

संख्या २०.

१६ सप्टेंबर

काय मोजायचं ते आजच लिहून ठेवलं. डिसेंबरात नियम केले की ते आपल्या सोयीचेच होतात.

मूळ मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला तर पुस्तक पूर्ण. प्रस्तावना ऐच्छिक, तिच्या पानांना ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी आकडे असतात, ती पानांच्या हिशेबात धरायची नाहीत. पुनर्वाचन चालेल, पण अख्खं. ऑडिओ संपूर्ण असेल तर चालेल, संक्षिप्त नाही. कवितासंग्रह दोनदा वाचायचा, मध्ये एक दिवस सोडून. ऐंशी पानांचा संग्रह पाऊण तासात ‘उरकता’ येतो, आणि कविता उरकण्यासारखी वाईट गोष्ट नाही. दिवाळी अंक पुस्तकांत धरायचा नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला तेव्हापासून हा मराठी वाचकाचा हक्काचा फराळ आहे, पण अंक कुणी अथपासून इतिपर्यंत वाचत नाही. दोन कथा, एक लेख, राशिभविष्य आणि व्यंगचित्रं बघून तो शेजारी जातो. त्याची मिनिटं वहीत लिहायची, संख्येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

वाचनालय. वर्गणी एका वेळी दोन पुस्तकांची, मुदत पंधरा दिवस. मागे पडलेल्या वाचकाला वाचनालयाचा खरा उपयोग हा मुदतीचाच. विकत घेतलेलं पुस्तक कितीही दिवस थांबतं, वाचनालयाच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का असतो. म्हणून दोन्ही जाड घ्यायची नाहीत: एक दोनशेच्या वरचं, एक शंभरच्या आसपासचं.

मुक्तद्वार नसेल, चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं असेल, तर सूचीतून किमान सहा नावं दाखल क्रमांकासह लिहून न्यावीत. पहिली दोन-तीन बाहेर गेलेली असतात, आणि मग काउंटरवर मागे रांग असताना समोर दिसेल ते उचललं जातं. असं उचललेलं पुस्तक बहुधा न वाचताच परत जातं. दुपारची सुटी आणि साप्ताहिक सुटीचा वार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला; बंद दारावरून परत येण्यात अख्खा शनिवार जातो.

पुस्तक नोंदवण्याआधी फर्मे, म्हणजे एका कागदावर छापून दुमडलेले पानांचे गठ्ठे, तपासायचे. आपली बहुतेक पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यात छापली जातात, म्हणून तर जाडी २०८, २२४, २४० अशी सोळाच्या पटीत येते. बांधणीत चूक झाली तर एखाददुसरं पान नाही, अख्खा फर्मा जातो किंवा दोनदा लागतो. आकडे पहिल्या पानापासून सलग असतील तर ९६ नंतर एकदम ११३. तेव्हा १७, ३३, ४९, ६५, ८१, ९७ असे जोड उघडून बघायचे. एका मिनिटाचं काम आहे. आज एका कादंबरीत ११२ नंतर पुन्हा ९७ लागलं. दोनदा लागलेला फर्मा त्रासाचा नाही, पण त्याच्या जागी ११३ ते १२८ गायब होता, तो आहे. प्रत परत केली, दुसरी घेतली.

जुन्या प्रतींना पुन्हा बांधणी केलेली असते. शिवण आत सरकते, आतला समास जातो आणि ओळीचं शेवटचं अक्षर दरीत पडतं. असं पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, प्रवासात ते निरुपयोगी. रहस्यकथा घेताना मात्र शेवटचं पान आधी बघावं. वाचायला नव्हे, जागेवर आहे का ते बघायला.

२८ सप्टेंबर

संख्या २३. चौदा दिवसांत ५०२ पानं: दोन नाटकं (९६ आणि ११२), एक कादंबरी (२२४), आणि चरित्राची ७०.

नाटकांबद्दल थोडं सविस्तर. संवादांमुळे ओळी अर्ध्यावर तुटतात, पानाला दीडशे-एकशेसाठ शब्दच भरतात. ११२ पानांचं नाटक दोन तासांच्या आत संपतं, आणि ते संपूर्ण पुस्तक असतं, पातळ केलेलं नव्हे. मराठीत छापील नाटकांचं कपाट एवढं समृद्ध असताना मागे पडलेला वाचक तिकडे का फिरकत नाही, हे कोडंच आहे. अडचण एकच: पहिल्या दहा पानांत कोण बोलतंय याचा गोंधळ. पात्रपरिचयाच्या पानावर बोट ठेवून वाचायचं आणि रंगसूचना गाळायच्या नाहीत. दार कुठे आहे हे कळलं नाही तर दुसऱ्या अंकातला प्रवेश कळत नाही. नाटक एका बैठकीत वाचावं, तुकड्यांत ते विरतं.

चरित्र २२ तारखेपासून रोज सकाळी दहा पानं, चहाबरोबर, फोन हातात घेण्याआधी. दहाच्या वर नाही. जाड पुस्तक ‘सलग वेळ मिळेल तेव्हा’ म्हणून ठेवलं की ते अर्धवटांच्या यादीत जातं.

वजनाचाही विचार लागतो. २२४ पानांचं कागदी बांधणीचं डेमी पुस्तक अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं, एका हाताने धरून लोकलमध्ये उभ्याने वाचता येतं. पाचशे पानांचं पुठ्ठा बांधणीचं सातशेच्या घरात जातं. ते घरीच.

१२ ऑक्टोबर

संख्या २६. उरले ८० दिवस आणि १० पुस्तकं, आठ दिवसांना एक. वरवर पाहता सगळं आलबेल.

पानं बघितली तेव्हा गडबड कळली. या पंधरवड्यात आला एक कवितासंग्रह, एक १२८ पानी कथासंग्रह, एक ११२ पानी ललित. तिन्ही बारीक. चरित्राची ९० धरून एकूण ४१० पानं, रोजची २९. जाड पुस्तकं सगळी पुढे ढकलली गेली. उरलेल्या यादीची बेरीज, चरित्राच्या २२२ पानांसह, ३,११८. भागिले ८०: रोजची ३९. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ही गरज ४१ होती. नऊ पुस्तकं संपूनही रोजचा बोजा दोनच पानांनी हलका झाला.

संख्येने वेग मोजण्यातला दोष हाच. बारीक पुस्तकांनी आकडा वर जातो, आणि सरासरी जाडीचं ओझं डिसेंबरच्या डोक्यावर बसतं. यापुढे क्रम ठरलेला: एक बारीक, एक जाड, पुन्हा एक बारीक. दोन बारीक लागोपाठ नाहीत.

दुसरी गळती रात्रीची. ‘जागा’ रकान्यात अंथरुण लिहिलेल्या नोंदी तपासल्या: रात्री अकरानंतरच्या बारा पानांतली पाच दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात. ती वीस मिनिटं जेवणानंतर लगेच, खुर्चीत, अशी हलवली.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. ठिकठिकाणी प्रदर्शनं आणि सवलती. खरेदी शून्य. विकत घेतलेल्या पुस्तकाचा आनंद वाचल्यासारखाच असतो, म्हणून तो धोक्याचा.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज काल झाली. १३ ते १७ रोज ३८ पानं. पुढच्या सात दिवसांत मिळून ६८. हे आधीच धरायला हवं होतं: धनत्रयोदशी ते भाऊबीज या सहा दिवसांना योजनेत शून्यच लिहावं, जे होईल ते वरकड. संख्या २७. उरलेली पानं २,८६०, दिवस ६८, रोजची ४२. म्हणजे पुन्हा सप्टेंबरच्याच जागी.

यादी बदलली. ४१६ आणि ३८४ पानांच्या दोन कादंबऱ्या पुढच्या वर्षावर टाकल्या, त्यांच्या जागी १९२ आणि २०८ पानांची दोन पुस्तकं. चारशे पानं कमी झाली, गरज ३६ वर आली. न उघडलेलं पुस्तक बदलायला हरकत नाही. उघडलेलं बदललं की ते अर्धवटांत जमा होतं आणि त्याची पानं वाया जातात.

२ नोव्हेंबर

या आठवड्यात वाचनालयाला सुटी, म्हणून पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. जुन्या पुस्तकांच्या फाइली म्हणजे पानांचे फोटो. फोनवर डेमी पान उभं धरलं तर अक्षर मुंगीएवढं. फोन आडवा धरून, समास कापून, अर्ध्या पानाने सरकत वाचावं लागतं. पानाला अडीच मिनिटं जातात. अक्षरजुळणीची फाइल असली तरी ती जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली असेल तर मजकूर शोधता येत नाही, आणि अक्षर मोठं करून ओळी नव्याने बसवायला गेलं की जोडाक्षरांचा चिवडा होतो. दहा इंची टॅबलेट असेल तर ठीक, फोनवर कादंबरी नको. लेखसंग्रह चालतो.

९ नोव्हेंबर

चरित्र संपलं. सकाळच्या दहा पानांनी, अधल्यामधल्या खाड्यांसह, सात आठवड्यांत. बदललेली दोन्ही पुस्तकंही झाली. संख्या ३०. उरली सहा: २५६, २७२, ३०४, ३२०, ३५२, ३८४. बेरीज १,८८८, दिवस ५२.

३२० पानांचं आत्मकथन ऑडिओवर उपलब्ध आहे, लांबी साडेबारा तास. सव्वापट वेगाने दहा तास. तेच डोळ्यांनी वाचलं तर सव्वानऊ. म्हणजे ऑडिओने वेळ वाचतो हा गैरसमज. तो वेगळा वेळ वापरतो एवढंच: भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, चालताना. असा रोज ५० मिनिटांचा वेळ आहे, बारा दिवसांत होईल. दीडपटीच्या पुढे वेग नेला की जोडाक्षरं एकमेकांवर चढतात आणि वाक्याचं क्रियापद निसटतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ते निसटलं की वाक्यच गेलं. आत्मकथन, कथा, विनोदी लेखन कानाने चालतं. समीक्षा आणि तळटीपांचा इतिहास चालत नाही. पुस्तक आधीच उतरवून घ्यायचं, नेटवर्कच्या भरवशावर नको.

२३ नोव्हेंबर

संख्या ३२. ऑडिओ काल संपला. छापील पानं १४ दिवसांत ५०४, रोजची नेमकी ३६. गरज २८ वर उतरली. पहिल्यांदाच मागणीपेक्षा पुरवठा जास्त.

७ डिसेंबर

आणि लगेच घसरण. चौदा दिवसांत २८४ पानं, संख्या ३३. कारण ३५२ पानांचा इतिहास. हे पुस्तक यादीत घालताना पान उघडून बघितलं नव्हतं: ओळी ३६, ओळीत अकरा शब्द, म्हणजे पानाला ३९६. शिवाय सनावळ्या आणि तळटीपा, त्यामुळे वेगही मिनिटाला १३० वर. पानाला तीन मिनिटं. कादंबरीच्या हिशेबात हे ३५२ पानांचं पुस्तक सहाशेच्या वर भरतं.

तर पानंही सारखी नसतात. यादी करताना प्रत्येक पुस्तकाचं एक पान मोजून त्याची मिनिटं लिहायला हवीत. आता तसं केलं: इतिहासाची ९२ पानं गुणिले तीन, २७६ मिनिटं, उरलेल्या दोन कादंबऱ्यांची ६८८ पानं, साधारण १,२०० मिनिटं. २४ दिवस, रोज एक तास. हा आकडा विश्वासाचा.

२० डिसेंबर

संख्या ३५. इतिहास आणि ३०४ पानांची कादंबरी झाली, शेवटच्या कादंबरीची २० पानं. तेरा दिवसांत ४१६ पानं, रोज ६५ मिनिटं. राहिली ३६४, दिवस ११. जाडच पुस्तक शेवटी राहिलं ही चूक ऑक्टोबरचीच. ३८४ पानी पहिलं आणि एखादं नाटक शेवटचं ठेवायला हवं होतं. शेवटच्या आठवड्यात खंड पडला तर नाटक दोन तासांत भरून निघतं, कादंबरी नाही.

३१ डिसेंबर

नाताळच्या सुटीत घरी पाहुणे, चार दिवस वहीत रेघ. कादंबरी पान ३१८ वर. संख्या ३५.

७ सप्टेंबरपासून ११५ दिवसांत १८ पुस्तकं, ३,४५९ छापील पानं, रोजची ३०. त्याआधीचे २५० दिवस, रोजची १७.

पुढच्या वर्षाच्या वहीला रकाना एक वाढवला: पानामागे मिनिटं. पहिली ओळ भरून ठेवली. १ जानेवारी, तीच कादंबरी, पान ३१९ पासून.